इंदुरात घरचं शिवण: जुन्या मशीनपासून पहिल्या पायजम्यापर्यंत

सुदामा नगरात भाड्याची जागा घेतली तेव्हा हॉलला चार खिडक्या आहेत याचं मला फार कौतुक वाटलं होतं. एप्रिल लागला आणि पश्चिमेचं ऊन थेट सोफ्यावर येऊन बसायला लागलं. रेडिमेड पडद्यांची चौकशी केली, चार खिडक्यांचे आठ पडदे धरून गुणाकार केला आणि फोन खाली ठेवला. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्या म्हणाल्या, "अरे, पडदा म्हणजे चार सरळ टिपा. त्यात काय आहे शिकायला?"

शिकायला बरंच होतं. मी पुरुष माणूस, बटण लावण्यापलीकडे सुई हातात धरलेली नाही. आज दोन वर्षांनी घरातले सगळे पडदे, अभ्रे, माझे पायजमे आणि मुलीचे दोन फ्रॉक मी शिवलेले आहेत. मधल्या काळात जे कापड वाया गेलं, त्यात आणखी एक खिडकी झाकली गेली असती. ते तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय. घरी शिवल्याने शिलाई वाचते हे सगळेच सांगतात. पण शिलाईपेक्षा जास्त पैसे कात्रीखाली जातात, हे कुणी सांगत नाही. म्हणून खाली शिवण्यापेक्षा मोजण्या-कापण्याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

१. काय शिवायचं नाही ते आधी ठरवा

पहिल्या सहा महिन्यांत ब्लाउज, कॉलरचा शर्ट, जीन्स आणि चेनवालं सोफा कव्हर, या चार गोष्टींना हात लावू नका. ब्लाउजला टक्स (आकारासाठी घातलेल्या चुण्या) आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) इतका नेमका लागतो की चाळीस वर्षं शिवणाऱ्या काकूही नव्या गिऱ्हाइकाचा पहिला ब्लाउज कच्चा घालून बघतात. शर्टाची कॉलर दोन्हीकडून सारखी येणं हे वेगळंच शास्त्र आहे. हे शिंप्याकडेच द्या, त्याचे पैसे रास्त आहेत.

सुरुवात अभ्रा, पडदा, टेबलक्लॉथ, पिशवी, मग नाडीचा पायजमा अशी करा. अंगावर नीट बसायची सक्ती नसलेल्या वस्तू आधी.

२. मशीन घ्या, पण नवं नको

घरच्या कामाला साधं, काळं, लोखंडी, पायाचं मशीन पुरतं. उषा, सिंगर, मेरिट, कुठलंही चालेल. ते फक्त सरळ टीप मारतं आणि तुम्हाला पहिली दोन वर्षं तेवढंच लागतं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मशीनवर एकवीस प्रकारच्या नक्ष्या असतात. त्यातली एक वापरली जाते, वीस बघितल्या जातात. शिवाय नवख्याला मोटरचा वेग आवरत नाही आणि पायाचं मशीन आपल्या पायाइतकंच पळतं.

मी जुनं घेतलं. साडेतीन हजार मशीनचे आणि सातशे मिस्त्रीचे. जुनं मशीन बघायला जाताना खिशात जुन्या चादरीचा तुकडा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन जा. विकणारा स्वतःच्या कापडावर टीप दाखवतो, त्यावर जाऊ नका. आपलं कापड दुहेरी करून टीप मारा, मग चौपदरी करून मारा. चाक हाताने फिरवा, कुठे अडखळलं तर विचारा. सुईचा दांडा बोटांत धरून हलवून बघा. तो डगमगत असेल तर आतून झिजलेला आहे, सोडून द्या. पायट्याचा चामड्याचा पट्टा सैल असेल तर मात्र घाबरू नका. तो थोडा कापून त्याच्याच तारेच्या क्लिपने पुन्हा जोडता येतो, पाच मिनिटांचं काम. दर कमी करायला कारण म्हणून वापरा.

इथे एक सापळा आहे, तो सांगून टाकतो. "सरकारची मोफत शिलाई मशीन योजना, हा फॉर्म भरा, एवढे रुपये पाठवा" असे निरोप फोनवर फिरतात. ते खोटे असतात, पैसे आणि आधारचा नंबर दोन्ही जातात. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पण ती हाताने हा धंदा करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे, माझ्यासारख्या हौशी माणसासाठी नाही. घरात कुणी खरोखर शिलाईवर कमावत असेल तर आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल, बँकेचं पासबुक आणि रेशन कार्ड घेऊन जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर जा. कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला व त्याच्या कुटुंबाला मिळत नाही.

३. सोबतचं सामान

दुकानदार डबाभर सामान गळ्यात मारतो. लागतं ते एवढंच:

- कापडाची कात्री, आठ किंवा नऊ इंची. हिने कागद कापायचा नाही. घरच्यांना धमकी देऊन ठेवा.
- मोजायचा टेप. कापडी टेप ताणला जातो, फायबरचा घ्या.
- मशीनच्या सुया १४ नंबरच्या पाच, ११ आणि १६ च्या दोन-दोन. वॉयलसारख्या पातळ कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४, ड्रिल किंवा कॅनव्हासला १६.
- टाचण्या, हातसुया, अंगुस्तान.
- चार-पाच बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळा. एकाच बॉबिनवर रंग चढवत-उतरवत बसणं म्हणजे शिक्षा आहे.
- टीप उसवायचं छोटं हत्यार. नसेल तर ब्लेड, पण जपून.
- शिलाई मशीनचंच तेल. खोबरेल किंवा सरसोंचं तेल घालू नका, ते सुकून चिकट होतं आणि मशीन धरून बसतं.
- रद्दी वर्तमानपत्रं, आकार काढायला.

खडू विकत घ्यायची गरज नाही. अंगाच्या साबणाची संपत आलेली पातळ चिपटी सुकवून ठेवा, तिची धार बारीक रेघ काढते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. इस्त्री घरात असतेच. ती मशीनच्या शेजारी मांडा, दर टिपेनंतर लागणार आहे.

४. बिनदोऱ्याचे तीन दिवस

मशीन घरी आलं की लगेच कापडावर बसू नका. दोरा न ओवता, जुनी सुई लावून, वहीचा रेघांचा कागद सुईखाली घाला आणि रेघेवरून भोकं पाडत जा. सरळ रेघ जमली की मग चौकोन काढून कोपऱ्यावर वळायला शिका. कोपऱ्यात सुई कापडात रुतलेली हवी, पंजा (कापड दाबून धरणारा लोखंडी भाग) उचलायचा, कापड फिरवायचं, पंजा खाली. कागदाने सुई बोथट होते, म्हणून जुनी सुई म्हटलं.

चाक नेहमी आपल्याकडे फिरतं. पहिले दोन दिवस पाय उलटा पडतो आणि चाक मागे जातं. दोरा ओवलेला असताना असं झालं की तो तटकन तुटतो. चाकाला हाताने सुरुवात करून द्या, मग पाय आपोआप त्या लयीत येतो.

सुई बसवताना तिच्या दांड्याकडे बघा, एक बाजू सपाट असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला लांब खोबण. दोरा खोबणीच्या बाजूनेच ओवायचा. मी एक अख्खा रविवार उलटी सुई लावून घालवला. टीप येईच ना. मिस्त्रीला फोन केला तर तो हसला आणि म्हणाला, "भिया, सुई घुमा के देखो."

बॉबिन भरताना चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करतात, म्हणजे सुई न हलता नुसती बॉबिन भरते. भरून झाल्यावर तो पुन्हा आवळायचा. हे विसरलं की चाक गरगर फिरतं आणि सुई जागची हलत नाही. मशीन बिघडलेलं नाही, स्क्रू बघा.

आता सगळ्यात मोठा घोळ. कापडाच्या वरून टीप छान दिसते आणि खाली दोऱ्याचं जाळं झालेलं असतं. जाळं खाली दिसतं म्हणून प्रत्येकजण बॉबिनशी खेळत बसतो. दोष जवळपास नेहमी वरच्या दोऱ्याचा असतो, तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. पंजा वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. पंजा वर असतानाच त्या चकत्या उघड्या असतात, पंजा खाली ठेवून ओवलं तर दोरा त्यांच्यावरून नुसता सरकतो. याने नाही भागलं तरच बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, तपासा. केस बाहेर काढून तिच्या दोऱ्यावर लटकवा आणि हाताला हलका झटका द्या. थोडी खाली घसरून थांबली तर ताण बरोबर. सरळ जमिनीकडे निघाली तर सैल. जागची हललीच नाही तर घट्ट.

५. कापड घ्यायला जाताना

राजवाड्याच्या आसपास तासभर फिरलात की निम्मं शिक्षण होतं. शीतलामाता बाजारात सुटं कापड आणि साड्या, तर महाराजा तुकोजीराव कापड मार्केटात मुख्यतः थोकचा धंदा. तिथे एका अभ्र्याचं कापड मागायला गेलात तर नम्रपणे पुढचं दुकान दाखवतील. पण शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पडद्यांचं एक अख्खं थान उचललं तर फरक पडतो. आम्ही तसंच केलं, तीन घरांच्या खिडक्यांना आज एकच निळी पट्टी आहे. मला अजूनही दुकानात "भाभीजी को भेज देना" ऐकावं लागतं. मी पन्हा विचारला की ते थांबतात.

हा पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. साधारण ३६, ४४ आणि ५८ इंच असे पन्हे मिळतात. समजा मीटरला ४४ पन्ह्याचं कापड स्वस्त आहे आणि ५८ पन्ह्याचं दीडपट महाग. नवखा माणूस स्वस्त उचलतो. पायजम्याचं उदाहरण घ्या. माझ्या पायजम्याच्या एका पायाचा तुकडा उघडला तर २६ इंच रुंद, नेफा (नाडी ओवायची वरची दुमड) आणि खालची दुमड धरून ४४ इंच लांब. दोन पाय शेजारी शेजारी ठेवायचे तर ५२ इंच रुंदी लागते. ४४ पन्ह्यात ते मावत नाहीत, एकाखाली एक कापावे लागतात, म्हणजे ८८ इंच आणि आटण्यासाठी वर थोडं, अडीच मीटर. ५८ पन्ह्यात दोन्ही शेजारी बसतात आणि सव्वा मीटरमध्ये काम होतं. दीडपट दराने निम्मं कापड. दुकानात उभं राहून हा गुणाकार करा, लाजू नका. टेप खिशात ठेवा आणि पन्हा स्वतः मोजा.

पहिल्या कामांना साधं पॉपलिन किंवा केसमेंट घ्या. सरावाला मांजरपाट सगळ्यात स्वस्त, पण तो धुतल्यावर भरपूर आटतो. शिफॉन, जॉर्जेट, साटीन सुईखाली मासोळीसारखं निसटतं. चौकटीचं कापडही पहिल्यांदा नको, शिवणीवर चौकटी जुळवायला कापड जास्त जातं. बाघची छपाई आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातली, महेश्वर दोन-अडीच तासांवर, तेव्हा मोह होणारच. हात बसेपर्यंत थांबा. महेश्वरी कापडावर चुकीची कात्री चालली की रात्री झोप लागत नाही, हे अनुभवाने सांगतो.

"प्युअर कॉटन" हे शब्द दुकानात फार उदारपणे वापरतात. आमच्या गल्लीत मालवा मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. मिल बंद होऊन जमाना झाला, पण त्यांची बोटं अजून कापड ओळखतात. त्यांनी शिकवलेली परीक्षा अशी: काठाचे दोन-चार धागे ओढून घ्या, घरी येऊन चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदाचाच वास येतो, मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी होतो. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. दोन्ही झालं, म्हणजे राखही आणि मणीही, तर मिश्र कापड. उन्हाळ्यात अंगावर घालायचं असेल तर मणीवालं नको. पडद्याला मात्र मिश्र कापड उत्तम, आटत नाही आणि इस्त्री मागत नाही.

मीटर मोजताना कापड ताणून धरलं जातंय का, इकडे लक्ष असू द्या. बोलण्यात "गज" आला तर विचारून घ्या. गज ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांच्या थोडा वर. पाच मीटरमागे सोळा-सतरा इंचांचा फरक पडतो.

६. भिजवा

सुती कापड आणलं की ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, थोडं ओलसर असताना इस्त्री करा, मगच कात्री. गडद रंगाचं वेगळ्या बादलीत.

मी हे केलं नाही. पहिले पडदे पाच फुटांचे, म्हणजे ६० इंच, अगदी नेमके शिवले. टेपने तीनदा मोजले होते. बायकोनेही कौतुक केलं. दिवाळीला धुतले आणि परत लावले तर खिडकीच्या खाली तीन इंच उजेडाची पट्टी. आठही पडद्यांना. काकू आल्या, बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "ओलं केलं नव्हतंस ना?" त्या पडद्यांना मी खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडली. लोक म्हणतात डिझाइन छान आहे.

७. पहिली वस्तू: अभ्रा

अभ्र्यात सरळ टीप, दुमड आणि कोपरा एवढंच आहे, म्हणून पहिला तोच. पण मोजमाप समजून घ्या, पुढे सगळीकडे तेच लागेल.

आपली उशी साधारण १७ बाय २७ इंचांची. ती तुमच्या टेपने मोजा, कारण उश्या फसवतात. अभ्रा एक इंच सैल हवा, म्हणून तयार माप १८ बाय २८. आता शिवणीसाठी माया सोडायची. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, रुंदी झाली १९. लांबीत पुढची बाजू २८, मागची २८, उशी आत अडकवायची झडप ६, आणि दोन्ही टोकांच्या दुमडीला एक-एक इंच. एकूण ६४. म्हणजे १९ बाय ६४ इंचांचा एक लांब पट्टा.

४४ पन्ह्यात असे दोन पट्टे शेजारी बसतात, ३८ इंच गेले. पावणेदोन मीटर कापड घेतलं तर आटूनही दोन अभ्रे होतात आणि काठाला अरुंद पट्टी उरते, तिच्या नाड्या करा. दीड मीटर घेतलंत तर झडप राहणार नाही.

कापण्याआधी कापडाचं सूत बघा. काठाला समांतर जातो तो उभा धागा, लांबी नेहमी त्याच्यावर घ्या. टोक वाकडं फाडलेलं असेल तर आडवा एक धागा ओढून काढा, तिथे जी रेघ दिसेल ती खरी सरळ. पॉपलिन चिमूटभर कापून सरळ फाडताही येतं.

शिवण्याचा क्रम:

आधी दोन्ही टोकांना पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडून, इस्त्री मारून, टीप घाला. पट्टा आता ६२ इंचांचा झाला. तो सुलट बाजू वर करून जमिनीवर पसरा. डावीकडचं टोक उचलून २८ इंचांवर घडी घाला, म्हणजे सुलट बाजूला सुलट लागली. उजवीकडे ६ इंच उघडे राहतील, ती झडप या घडीच्या वरून आत दुमडा. टाचण्या लावा. दोन्ही लांब बाजूंना अर्ध्या इंचावर टीप. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे-पुढे करून पक्के करा, जुन्या मशीनला उलट टाक्याची सोय नसेल तर कापड उचलून त्याच जागेवर पुन्हा टीप मारा. उलटवा, कोपरे लाटण्याच्या टोकाने बाहेर काढा. झडप आपोआप आत गेलेली दिसेल.

पहिल्या अभ्र्याची टीप नागमोडी येणार. ती उशी भिंतीच्या बाजूला ठेवा.

काठाचे धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉकचं मशीन घ्यावंसं वाटेल. नका घेऊ. दुहेरी शिवण शिका: आधी उलट बाजूला उलट लावून पाव इंचावर टीप, कडा कातरून बारीक करा, उलटवा, इस्त्री, आणि पुन्हा पाव इंचावर टीप. सगळे धागे दोन टिपांच्या मधे बंद होतात. एरवी गल्लीतला इंटरलॉकवाला थोडक्या पैशांत मारून देतो.

८. पडदा

पडदा खिडकीच्या दुप्पट रुंदीचा हवा, तरच चुण्या पडतात. चार फुटांची खिडकी असेल तर आठ फूट कापड, म्हणजे ९६ इंच, म्हणजे ४८ इंचांचे दोन पडदे. इथे ४४ पन्हा तोकडा पडतो. पण शिंपी थोडं कमी घेतातच, आणि दोन ४४ चे पडदे चार फुटांच्या खिडकीला बरे दिसतात. तुकडे जोडण्यापेक्षा ते बरं. लांबीत वर चार इंच, खाली चार इंच जास्त धरा. खालची दुमड रुंद असली की पडदा वजनाने सरळ पडतो. मूल वाढेल तसा फ्रॉक उसवतात, तसाच घर बदलल्यावर पडदाही उसवता येतो, हा दुसरा फायदा.

वर रिंगा लावायच्या तर आत बकरमची (कडक कापडाची) पट्टी घाला. साधी दांडी असेल तर नुसता नेफा पुरतो. दांडीचा घेर मोजा आणि नेफा त्याहून सैल ठेवा, नाहीतर पडदा सरकवताना रोज दांडीच खाली येईल.

छापील कापड असेल तर नक्षी वर-खाली आहे का ते आधी बघा. आमच्या मुलीच्या खोलीत एका पडद्यावरचे मोर उताणे आहेत.

९. पायजमा

नीट बसणारा जुना पायजमा घ्या. फाटलेला असेल तर उत्तम, त्याच्या शिवणी उसवा आणि एका पायाचा तुकडा इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा. बाहेरून रेघ काढा. उसवायचा जीव होत नसेल तर पायजमा एका पायावर एक घडी करून ठेवा आणि शिवणीच्या बाहेर अर्धा इंच माया सोडून रेघ मारा. आसनाचा, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडले जातात तो, भाग बघितलात तर मागची वळणरेषा पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच उंच असते. ती तशीच ठेवायची. दोन्ही सारख्या केल्या की बसताना मागून कंबर उघडी पडते.

आता माझी चूक वाचा. मी कागद कापडावर ठेवला, कापला. पुन्हा कागद तसाच ठेवला, पुन्हा कापला. दोन पाय तयार. जोडायला घेतले तर दोन्ही डावे. साधं पांढरं कापड असतं तर एक उलटवून चाललं असतं, पण माझ्या कापडावर एकाच बाजूला बुट्टे होते. आसनाच्या जागी डोंगर आणि दरी एकमेकांना भेटेचनात. काकू चहा पीत बघत होत्या. म्हणाल्या, "एक पाय तुझा, एक पाय तुझाच." म्हणून कापड नेहमी दुहेरी करून, सुलट बाजू आत ठेवून, दोन्ही पाय एकदमच कापा. किंवा दुसऱ्या वेळी कागद पालथा घाला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत "पालथा" लिहून ठेवा.

शिवण्याचा क्रम उलटा करू नका. आधी प्रत्येक पाय वेगळा, सुलट आत ठेवून आतल्या बाजूची शिवण खालून आसनापर्यंत. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायाच्या आत सरकवा, म्हणजे दोघांच्या सुलट बाजू भेटतात, आणि पुढून मागेपर्यंत आसनाची एकच सलग टीप मारा. ही टीप दोनदा मारा. उकिडवं बसलं की सगळा जोर तिथेच येतो, आणि ती उसवते तेव्हा आपण घरी नसतो.

मग वरचा नेफा दुमडा, नाडीसाठी पुढे अर्धा इंच फट सोडा. फटीच्या दोन्ही टोकांना हाताने काजाचे टाके घाला. इलॅस्टिक घालायचं असेल तर कमरेच्या मापापेक्षा तीन इंच कमी, आणि आधी अंगावर ताणून बघा. खालची दुमड सगळ्यात शेवटी, पायजमा घालून, आरशासमोर उभं राहून ठरवा. नाडी ओवायला मोठी सेफ्टी पिन.

१०. चिंध्या

कातरण फेकू नका. इंदूरची कचरागाडी सकाळी दाराशी येते आणि सुक्या-ओल्याचं वर्गीकरण बघते, तिच्यात कापड टाकायला खरं तर हात जात नाही. मोठे तुकडे वेगळे, बोटभर वेगळे. बोटभर तुकडे तक्क्यात भरायला, मोठे गोधडीला.

गोधडी मशीनवर करायला जाऊ नका, थर जाड होतात आणि सुई मोडते. खाली-वर एक-एक जुनी सुती साडी, मधे जुनी चादर, वरून ठिगळं. नायलॉनची साडी घालू नका, थर एकमेकांवरून घसरतात. जमिनीवर पसरून चारही कडांना आणि मधे मोठे कच्चे टाके घाला, मग कडेने सुरुवात करून आत आत धावदोरा. आमची अजून अर्धीच झाली आहे. दुपारी काकू खाली येतात, एक कड त्या धरतात, एक मी. उताण्या मोरांच्या कापडाचा उरलेला तुकडा मधोमध लागलाय. या वेळी मोर सरळ आहेत, मी दोनदा बघितलं.